ब्राउझर कोणताही असो, पान उघडायला हवे

वेबसाइट बनवणारा एक, ब्राउझर बनवणारा दुसरा. दोघांनी एकच नियम पाळले तरच पान सगळीकडे नीट दिसते. हे नियम ठरवायला टिम बर्नर्स-ली यांनी १९९४ मध्ये डब्ल्यूथ्रीसी ही संस्था काढली. अक्षरांचे नियम युनिकोडचे.

मराठी-उर्दू दोन्ही वाचणाऱ्या आपल्यासारख्यांना याचे मोल चटकन कळते. युनिकोड रुळण्याआधी मराठी साइट्सचे फॉन्ट वेगवेगळे. तो फॉन्ट कॉम्प्युटरवर नसला की मराठीच्या जागी भलतीच इंग्रजी अक्षरे. उर्दू मजकुराचे तर बऱ्याच ठिकाणी चित्रच पानावर चिकटवत. वाचता यायचे, पण शोधता येत नसे, कॉपी होत नसे, आणि अंध वाचकाला मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर तिथे गप्पच. उजवीकडून डावीकडे लिहायची सोय १९९७ च्या एचटीएमएल ४ मध्ये आली.

फॉर्मचे दुखणे निराळे. फक्त इंटरनेट एक्सप्लोररवर चालणारे कितीतरी फॉर्म आम्ही शिक्षकांनी पाहिलेत. घरात एकच मोबाइल असलेल्या मुलाने स्कॉलरशिपचा असा फॉर्म भरायचा कसा? २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो ब्राउझर गुंडाळला. आता काही ठिकाणी ‘क्रोमवरच उघडा’ म्हणतात, म्हणजे खोड तीच! फॉर्म अडला तर ब्राउझरचे नाव आणि स्क्रीनशॉट जोडून तक्रार करा, तीही शेवटच्या तारखेच्या आधी.