पत्रांनी पालटलेले नाव

थोर पुढाऱ्याला पत्र लिहून काय होते, असे केळापुरात मला पुष्कळजण विचारतात. मी त्यांना शेजारच्या वर्धा जिल्ह्यातली हकीकत सांगतो. १९३६ साली गांधीजी सेगावी राहावयास गेले. त्यांची टपाले बुलढाण्याकडील शेगावी भरकटू लागली. म्हणून १९४० साली गावाचे नाव सेवाग्राम झाले! उजवा हात थकला की गांधीजी डाव्या हाताने उत्तरे लिहीत. प्रेमाताई कंटक तर पत्रांतून त्यांच्याशी चक्क वाद घालीत, आणि त्यांनाही उत्तर मिळे. उत्तर देणारा तसा हवा, हे खरे. परंतु वाचकहो, विचारणारेच उरले नाहीत, तर पुढाऱ्यांना उत्तर देण्याची सवय लावावी कोणी?