टोके असलेला पट्टा

मेहकर तालुक्यातील डोणगाव हे नागपूरहून मुंबईकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावरचे गाव. अशा गावांतून पिठाच्या गिरण्या तेलाच्या इंजिनावर चालत, त्या काळी गिरणीचा पट्टा तुटला म्हणून लोकांचे दळण सहसा दुसऱ्या दिवसावर पडत नसे. गिरणीवाला तुटलेली टोके सरळ कापी, टोच्याने भोके पाडी आणि आकडे किंवा चामड्याची वादी घालून पट्टा पुन्हा चाकावर चढवी. पट्ट्यास टोके होती, म्हणूनच हे साधत असे. मोटारसायकलीचे बालपण याच गिरणीच्या पट्ट्यावर गेले, असे सांगितल्यास कित्येकांस नवल वाटेल. कारण मोटारसायकल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे साखळीच उभी राहते.

विसाव्या शतकाच्या आरंभी बहुतेक मोटारसायकलींत इंजिनाची शक्ती मागच्या चाकास पोचविण्याचे काम चामड्याचा पट्टा करीत असे. तो गिरणीच्या पट्ट्यासारखा सपाट नसून पाचरीच्या आकाराचा असे आणि कप्पीच्या सुमारे २८ अंशांच्या खाचेत त्याच्या दोन्ही बाजू घट्ट रुतत. पुढे चामड्याची जागा रबर आणि कॅनव्हास यांनी घेतली. कित्येक गाड्यांस क्लच नव्हता. चाक थांबले की इंजिनही थांबे. मग स्वाराने गाडी ढकलीत धावावे, इंजिन बोलू लागताच उडी मारून बसावे, असा तो खटाटोप. पाऊस लागला की पट्टा घसरे, चढावर घसरे आणि चालून चालून लांबेही. लांबला की स्वार रस्त्याच्या कडेस उतरून त्याचा लहानसा तुकडा कापून टाकी, नवे भोक पाडी व आकडा अडकवी. चाकू, टोच्या आणि दोन जादा आकडे एवढ्या सामग्रीस एक खिसा पुरे. श्रीमंत हौशी स्वारांनाही हात काळे करावे लागत, हे त्या वाहनाचे एक शिक्षणच म्हणावयाचे.

पट्ट्याच्या वर्चस्वास मोठा धक्का बसला तो १९११ साली. त्या वर्षी आइल ऑफ मॅन बेटावरील प्रसिद्ध शर्यत प्रथमच डोंगरी मार्गावरून झाली आणि मोठ्या गाड्यांच्या गटातील पहिले तिन्ही क्रमांक ‘इंडियन’ गाड्यांनी पटकाविले. त्या गाड्यांस साखळी होती आणि दोन गिअर होते. (नाव ‘इंडियन’, पण कारखाना अमेरिकेतील स्प्रिंगफील्डचा, कोलंबसाच्या जुन्या चुकीमुळे तेथील मूळ रहिवाशांस पडलेले ते नाव.) तरीही पट्टा लगेच मागे हटला नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याच्या निरोप्यांनी वापरलेली ट्रायंफची १९१५ सालची ‘मॉडेल एच’ ही ५५० सीसीची गाडी इंजिनापासून गिअरपेटीपर्यंत साखळीवर आणि तेथून चाकापर्यंत पट्ट्यावरच चाले. अशा सुमारे ३०,००० गाड्या सैन्यास पुरविल्या गेल्या. युद्धानंतर मात्र थोड्याच वर्षांत साखळीने पट्ट्याची हकालपट्टी केली.

पट्टा परतला, तो वेगळ्या रूपाने. १९८० साली हार्ले-डेव्हिडसनने ‘स्टर्गिस’ गाडीस दातेरी पट्टा बसविला. त्यास तेल नको, त्याचा आवाज नाही आणि तो फारसा लांबतही नाही. परंतु त्यास टोके नाहीत. तो अखंड कडे आहे. त्यामुळे कित्येक नमुन्यांत केवळ पट्टा बदलण्यासाठी आतल्या साखळीचे सबंध घर उतरवून मागच्या चाकाचा स्विंगआर्म सोडवावा लागतो.

डोणगावच्या रस्त्यावर असा हार्लेचा पट्टा क्वचितच दिसेल. तेथे पट्टा असतो तो बिनगिअरच्या स्कूटरच्या पोटात. पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिक कंपनीने जपानच्या होंडाशी १९८४ साली केलेल्या भागीदारीतून आलेल्या कायनेटिक होंडाने या पट्ट्याची ओळख भारतात घरोघर करून दिली. गिअर बदलावयाचे ते पट्टाच बदलतो; कप्पीच्या दोन तबकड्या जवळ आल्या की तो वर चढतो, दूर गेल्या की खाली उतरतो. हाही अखंडच, तथापि घरच्या घरी बदलता येण्याजोगा. डाव्या बाजूचे झाकण काढून पुढच्या कप्पीचा नट सोडवावा, बाहेरची तबकडी बाजूस घ्यावी आणि जुना पट्टा काढावा. नवा चढविताना त्यावरील बाण फिरण्याच्या दिशेने आहे ना, हे पाहावे. हातास ग्रीस नसावे. मागच्या कप्पीच्या तबकड्या हाताने फाकवून पट्टा तेथे खोल दाबावा, म्हणजे पुढे तो सैल पडतो. ही एक गोष्ट विसरली की पट्टा पुढच्या तबकड्यांत चिमटला जातो; नट घट्ट बसल्याचा भास होतो, आणि पुढे रस्त्यात तो ढिला पडतो. नट कारखान्याने सांगितलेल्या जोरानेच आवळावा. झाकण लावण्यापूर्वी मागचे चाक अधांतरी ठेवून इंजिन थोडा वेळ मंद चालवावे, म्हणजे पट्टा आपली जागा घेतो. उतरविलेला पट्टा भेगाळलेला किंवा झिजलेला नसेल, तर बैठकीखालच्या डब्यात टाकून ठेवावा. मेहकरपर्यंत पोचावयास तो पुरे.