लपलेला ठेवा

श्रोतेहो, २००० साली अमेरिकेत एक खेळ निघाला. कुणी एक डबा लपवतो, उपग्रहांच्या आधारे त्याची जागा कळवतो. मग घरची मंडळी मुलाबाळांसह तो हुडकतात अन् आतल्या वहीत नाव लिहून डबा होता तिथं ठेवतात.

आपल्या नाशकाजवळचा ठेवा त्याहून जुना, बरं का! १९०६ साली सिन्नर तालुक्यात जोगलटेंभीला नहपान क्षत्रपाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी निघाली. निम्म्याहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपले छाप मारलेले. म्हणजे वहीत नावच लिहिलं म्हणा ना! पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यात त्याची आई गौतमी बलश्री हिच्या शिलालेखातही क्षहरात वंश त्याने निर्मूळ केल्याचं कोरलेलं आहे.

ती नाणी सोनाराच्या मुशीत गेली असती, तर हा पुरावा कायमचा बुडाला असता. म्हणून नांगराला घागर लागली, तर कलेक्टरांना कळवा; १८७८ चा कायदाही तेच सांगतो.

आणि गुरुजी, मुलांना पांडवलेण्यांत नेऊन तो लेख हुडकायला लावा. मात्र नाव लिहायचं ते आपल्या वहीत, लेण्याच्या भिंतीवर नव्हे!