एकच खाचर, अनेक जमिनी

चिखलणी करून फळी फिरवलेल्या भातखाचराइतकी एकसारखी दिसणारी जमीन क्वचितच आढळते. वर स्थिर पाणी, खाली मऊ चिखल. पण लावणीनंतर महिनाभराने पाहिले, तर त्याच खाचरात कुठे रोपे गर्द हिरवी असतात, कुठे पिवळट, तर कुठे खुरटलेली. शेतकऱ्याला हे पूर्वापार ठाऊक होते. विज्ञानाने मात्र हा फरक बऱ्याच उशिरा मोजला.

इंग्लंडमधील रोदॅमस्टेड येथे १८४३ पासून शेतीचे प्रयोग चालू आहेत. तेथे मर्सर आणि हॉल यांनी १९१० साली गव्हाचे एक एकर पीक निवडले. डोळ्यांना ते अगदी एकसारखे दिसत होते. त्यांनी त्याचे ५०० सारखे तुकडे पाडले आणि प्रत्येकातले धान्य वेगळे तोलले. बियाणे एक, मशागत एक. तरी एका तुकड्यात २.७३ पौंड धान्य निघाले, तर दुसऱ्यात ५.१६ पौंड. म्हणजे जवळजवळ दुप्पट!

आता समजा, यातल्या एका तुकड्याला नवे खत दिले आणि तेथे पीक जास्त आले. श्रेय खताचे की मातीचे? १९१९ साली रोदॅमस्टेडला आलेल्या रोनाल्ड फिशर यांनी या प्रश्नाला उत्तर दिले. मातीतला फरक नाहीसा करता येत नाही, तेव्हा प्रयोगच असा आखावा की त्या फरकाचा अंदाज घेता येईल. एकच खत अनेक तुकड्यांना द्यावे, जवळजवळच्या तुकड्यांचे गट करावेत आणि कोणत्या तुकड्याला काय द्यायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवावे. आज औषधांच्या चाचण्यांतही वापरली जाणारी ही पद्धत शेताच्या असमान मातीतून जन्मली.

भारतात प्रशांतचंद्र महालनोबिस १९२० च्या दशकात शेतीप्रयोगांतील त्रुटींचा अभ्यास करत होते. फिशर यांच्याशी त्यांचा संबंध त्यातूनच आला. पुढे १९४० च्या दशकात सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी पीक कापणी प्रयोगांचा पाया घातला. कापणीसाठी फारच लहान तुकडा घेतला तर कडेची रोपेही आत धरली जातात आणि उत्पन्न फुगून दिसते, हे त्यांनी दाखवले.

संख्याशास्त्रज्ञांनी फरकावर मात करण्याची युक्ती शोधली. पण फरक पडतो कशाने? ओलिताच्या भातात त्याची कारणे पुष्कळ आहेत. खाचर सपाट करताना उंच भागाची सुपीक वरची माती खरवडली जाते आणि सखल भागात जाऊन पडते. पाटाच्या तोंडाशी जाड गाळ बसतो, बारीक चिकणमाती पाण्याबरोबर पुढे वाहत जाते. पाणी वरच्या खाचरातून खालच्या खाचरात सोडले, की विरघळलेले खतही त्याबरोबर जाते. शेणखताचा ढीग जिथे पडत असे, ती जागा पुढेही वेगळी उठून दिसते.

शिवाय पाणी साठले की मातीचे रसायनच बदलते. हवा आत जाणे थांबते. काही आठवड्यांत आम्ल मातीचा सामू वर सरकतो, अल्कधर्मी मातीचा खाली येतो. फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत पोन्नम्पेरुमा यांनी या क्रिया सविस्तर अभ्यासल्या. म्हणजे कोरड्या मातीचा सामू मोजला, तरी भाताच्या मुळांना तोच लाभतो असे नाही.

मातीतली उणीव कधी रोगाचे सोंगही घेते. हिमालयाच्या तराईत भाताची पाने गंजल्यासारखी तांबूस पडत. त्याला ‘खैरा रोग’ म्हणत. १९६६ साली पंतनगरच्या डॉ. य. ल. नेने यांनी दाखवून दिले, की यामागे जंतू नसून जस्ताची कमतरता आहे. उपायही तसाच साधा निघाला : जस्ताची फवारणी.

१९९० च्या दशकात त्याच भात संशोधन संस्थेतील संशोधकांना आढळले, की ओलिताखालच्या एकाच भागातील शेतांतही माती पिकाला स्वतःहून किती नत्र पुरवते यात मोठा फरक असतो आणि मातीतील सेंद्रिय पदार्थ मोजून त्याचा भरवशाचा अंदाज येत नाही. मग शेताच्या एका कोपऱ्यात नत्रखत न घालता पीक घ्यायचे आणि ते पीकच मोजपट्टी मानायचे, अशी पद्धत पुढे आली.

हे सारे आज महत्त्वाचे का? भारतात २०१५ साली मृद आरोग्य पत्रिका योजना सुरू झाली. तिच्या मूळ आखणीत ओलिताखालच्या जमिनीत दर अडीच हेक्टरांमागे मातीचा एक नमुना ठरवला होता. अडीच हेक्टर म्हणजे मर्सर आणि हॉल यांच्या शेतासारखी सहा शेते! पत्रिका निरुपयोगी नाही, पण तिच्यावरचा आकडा सरासरीचा आहे हे विसरता कामा नये.

वर्गात हे सहज दाखवता येईल. कापणीनंतर एकाच खाचरातून पाटाच्या तोंडाशी, मध्ये आणि शेवटच्या कोपऱ्यात अशी माती घ्या. ती न मिसळता तीन सारख्या बाटल्यांत पाण्याबरोबर खळखळवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी वाळू, पोयटा आणि चिकणमाती यांचे थर मुलांनाच पट्टीने मोजू द्या. मग तिन्ही माती एकत्र करून चौथी बाटली भरा आणि विचारा : या चौथ्या बाटलीतली माती खाचरात नेमकी कुठे सापडेल?