बिनतारी लगाम

यंत्रांना गती कोणी दिली याचा इतिहास सर्वांनी हौसेने लिहिला आहे. त्यांना थांबविण्याची विद्या कशी घडत गेली, हे मात्र बहुधा अपघातांच्या चौकशीच्या दफ्तरांतूनच हुडकून काढावे लागते. ज्या वाहनात सारथीच नाही, त्याला दुरून आणि तारेवाचून थांबविण्याची युक्ती तर इतक्या उशिरा प्रतिष्ठा पावली की, ती कालपरवाची वाटावी. १३ मार्च २००४ रोजी अमेरिकेच्या मोहावी वाळवंटात, बार्स्टो या गावापासून नेव्हाडाच्या सरहद्दीवरील प्रिमपर्यंत, १४२ मैलांची एक विलक्षण शर्यत तेथील संरक्षण खात्याच्या 'डार्पा' या संस्थेने भरविली. बक्षीस दहा लक्ष डॉलरांचे, आणि अट एवढीच की गाडीत माणूस बसता कामा नये. एकही गाडी मुक्कामाला पोहोचली नाही. सर्वांत पुढे गेलेली कार्नेगी मेलन विद्यापीठाची 'सँडस्टॉर्म' ७.४ मैलांवर, डोंगरातल्या नागमोडी वळणांवर, वाट सोडून मातीच्या बांधावर अडकली. पुढच्या चाकांच्या रबराने पेट घेतला, तो तात्काळ विझविण्यात आला, आणि गाडी बिनतारी हुकमाने बंद करण्यात आली. त्या दिवशीच्या अधिकृत टिपणांत 'हुकमाने बंद केली' हा शेरा ज्या थंडपणाने नोंदलेला आहे, त्या थंडपणामागे सव्वाशे वर्षांहून अधिक काळाची तपश्चर्या आहे, असे माझे मत आहे.

बिनतारी लहरींनी वाहन हाकण्याची कल्पना रेडिओच्या बाल्यावस्थेइतकीच जुनी आहे. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्ला याने एका हौदात लहानशी नाव सोडून, तारेचा कसलाही संबंध नसताना, ती वळविली, फिरविली आणि तिच्यावरचे दिवे उघडझाप करून दाखविले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याला या शोधाचे पेटंटही मिळाले. पुढे १९०६ साली स्पेनच्या लिओनार्दो तोरेस केवेदो या विद्वान अभियंत्याने आपल्या 'टेलेकिनो' यंत्राने बिल्बाओच्या बंदरात, साक्षात राजा अल्फान्सो तेरावा याच्या समोर, किनाऱ्यावरून नौका चालवून दाखविली. पाहणारे थक्क झाले ते नाव आज्ञा पाळते म्हणून. आज्ञा पोहोचलीच नाही तर ती काय करील, हा प्रश्न त्या समारंभात कोणाच्या मनात आला असेलसे वाटत नाही. टेस्लाच्या नावेतले चक्र प्रत्येक संदेशागणिक एकेक पायरी पुढे सरकत असे, आणि अशा चक्राचा धर्मच हा की, संदेश थांबले तर शेवटच्या पायरीवर स्वस्थ बसून राहावे. तोवर नाव कोठे जाईल, याची जबाबदारी हौदाच्या भिंतीवर.

रस्त्याला मात्र अशी भिंत नसते, आणि १९२५ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्ककरांना ते रोकडे कळले. फ्रान्सिस हूडिना नावाच्या गृहस्थांच्या कंपनीने चँडलर बनावटीची एक मोटार, पाठीवर आकाशतार उभारून, ब्रॉडवे आणि फिफ्थ अव्हेन्यूसारख्या गजबजलेल्या हमरस्त्यांवर रिकामी सोडली. मागून येणाऱ्या दुसऱ्या मोटारीत बसलेला माणूस तिला लहरींनी हाकीत होता. वर्तमानपत्रांनी कौतुक केले, बघ्यांची झुंबड उडाली, आणि या मिरवणुकीची सांगता ती मोटार छायाचित्रकारांनी भरलेल्या एका मोटारीवर आदळण्यात झाली. हाकणारा जागेवर होता, लहरीही होत्या. नव्हती ती एवढीच तजवीज की, चालविण्याची यंत्रणा बिघडली तरी तिच्याहून वेगळ्या वाटेने गाडी थांबावी.

ही तजवीज तत्त्वरूपाने त्यापूर्वीच, अगदी निराळ्या इलाख्यात, म्हणजे आगगाडीच्या खात्यात, सिद्ध झालेली होती. जॉर्ज वेस्टिंगहाऊस याने १८६९ साली काढलेल्या पहिल्या हवेच्या ब्रेकात इंजिनातून दाबाची हवा डब्यांकडे धाडली म्हणजे चाके आवळली जात. नळी फुटली किंवा डबे सुटले तर हवा पोहोचत नसे आणि ब्रेक लागत नसे. १८७२ साली त्याने हा सारा व्यवहार उलटा फिरविला. नळीत हवेचा दाब सदैव भरलेला असावा, तो आहे तोवरच चाके मोकळी राहावीत, आणि कोणत्याही कारणाने दाब उतरला की प्रत्येक डब्याने आपल्याच टाकीतल्या हवेने आपली चाके आवळावीत. थांबण्यासाठी हुकूम लागणार नाही, उलट चालण्यासाठीच अखंड परवाना लागेल, असा हा बदल; आणि माझ्या मते बिनतारी लगामाचा खरा जन्म या नळीत झाला, टेस्लाच्या हौदात नव्हे.

शहाणपण सापडले तरी ते अंमलात यायला माणसे मरावी लागतात, हा कारखानदारीच्या इतिहासाचा जुना खाक्या येथेही चुकला नाही. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा गावाजवळ मुलाबाळांनी खचाखच भरलेली सहलीची गाडी चढावर दमून उभी राहिली, तेव्हा ती दोन तुकड्यांत तोडून पुढचा भाग आधी वर नेण्याचे ठरले. डबे तोडताच त्यांचा ब्रेकही सुटला, कारण तो स्वयंचलित जातीचा नव्हता. मागच्या डब्यांच्या चाकांखाली उटी म्हणून दगड लावले होते. पुढची तुकडी निघताना किंचित मागे सरली, तिचा धक्का बसून दगड चिरडले, आणि डबे उतारावरून मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीवर जाऊन आदळले. सुमारे ऐंशी जीव गेले. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटाने कायदा करून उतारूंच्या गाड्यांना स्वयंचलित ब्रेक सक्तीचा केला. आपल्याकडे डब्यातली साखळी ओढली की गाडी थांबत असे ती याच न्यायाने: ओढणारा ड्रायव्हरला निरोप धाडीत नसे, तो नळीत दाबाऐवजी राखलेली निर्वात अवस्थाच मोडीत असे.

याच न्यायाचे एक दगडामातीचे रूप पुणे-मुंबई प्रवास करणाऱ्याने अनेकदा, बहुधा झोपेत, अनुभवलेले असते. १८६३ साली खुल्या झालेल्या बोरघाटाच्या लोहमार्गाचा उतार जागोजागी सदतिसास एक इतका तीव्र असल्याने, उतरणीवर ठराविक ठिकाणी, डोंगराच्या अंगाला चढत जाणारे आडमार्ग काढून ठेवलेले आहेत, आणि तेथील सांधा नेहमी त्या आडमार्गाकडेच वळविलेला असतो. मंकी हिल किंवा ठाकूरवाडी येथे खाली येणारी गाडी उभी राहते ती उगीच नव्हे. आपण ताब्यात आहोत हे थांबून सिद्ध केल्यावरच सांधा बदलून तिला मुख्य मार्ग मिळतो, आणि जी थांबू शकत नाही ती आपोआप चढावर जाऊन विसावते. सुटलेल्या गाडीसाठी धावपळ करून सांधा बदलण्याची पाळीच कोणावर येत नाही.

आरंभी सांगितलेल्या वाळवंटातल्या शर्यतीत प्रत्येक निर्मनुष्य गाडीच्या मागोमाग अधिकाऱ्यांची एक गाडी असे आणि त्यांच्या हाती तीन अवस्थांचे एक प्रेषक-यंत्र असे. पहिल्या अवस्थेत गाडीला चालण्याची मुभा. दुसरीत तिने ब्रेक लावून उभे राहायचे, इंजिन मात्र चालू, आणि पुन्हा मुभा मिळाली की भोंगा वाजवून पुढे निघायचे. तिसरी अवस्था म्हणजे कायमची बंदी, इंजिनच बंद, आणि ती दुरून उठविता येत नसे. शिवाय गाडीच्या अंगावर, कोणालाही बाहेरून दाबता येईल असे, तांबडे बटण हवेच. ८ ऑक्टोबर २००५ च्या दुसऱ्या शर्यतीत स्टॅनफर्डच्या 'स्टॅन्ली' गाडीने १३२ मैल सहा तास चोपन्न मिनिटांत कापून वीस लक्ष डॉलर जिंकले, हे सर्वज्ञात आहे. परंतु पुढे धावणाऱ्या 'हायलँडर' गाडीला अंतर मिळावे म्हणून त्याच स्टॅन्लीला दोनदा वाटेत उभे केले होते, आणि एकशे एकाव्या मैलाच्या सुमारास हायलँडरला रोखून स्टॅन्लीला पुढे जाऊ दिले, हे फारसे कोणी सांगत नाही. उभे राहिलेला वेळ हिशेबातून वजा होई. २००७ च्या तिसऱ्या स्पर्धेत, व्हिक्टरव्हिलच्या जुन्या हवाईदल-तळाच्या ओसाड वसाहतीत, 'टेरामॅक्स' हा अवजड मालट्रक एका इमारतीवर जाऊन आदळण्याच्या बेतात असताना रोखला गेला आणि स्पर्धेतून बाद झाला.

आजच्या कारखान्यांत व खाणींत जी बिनतारी थांबा-यंत्रे वापरतात, त्यांत वेस्टिंगहाऊसची नळी लहरींच्या रूपाने पुन्हा अवतरली आहे. हातातले यंत्र सेकंदाला अनेकदा 'चालू दे' असा खुणेचा, क्रमांकाचा आणि पडताळ्याच्या अंकांचा संदेश धाडीत राहते. तो ठरलेल्या मुदतीत आला नाही, अर्धवट आला किंवा परक्या यंत्राचा आला, की वाहन थांबते. डोंगर आड आला, घटमाळेतील वीज संपली, यंत्र हातून पडून फुटले, तरी निकाल एकच. याची किंमतही आहे: लहर ही बेभरवशाची चाकर, आणि विनाकारण थांबणाऱ्या यंत्राला कामगार कंटाळतात, मग कोणीतरी संकेताची मुदत हळूच वाढवून ठेवतो. मला यंत्रातल्या दोषापेक्षा या सवयीचे भय अधिक वाटते. लहरींच्या बेभरवशाचा दाखला हवा तर व्हिक्टरव्हिललाच, पुढे विजयी ठरलेली 'बॉस' गाडी आरंभरेषेवर खोळंबली होती, कारण प्रेक्षकांसाठी उभारलेल्या भल्यामोठ्या दूरदर्शन-पडद्याच्या उत्सर्जनाने तिला उपग्रहांचे संकेतच ऐकू येईनात. पडदा बंद केल्यावर ती चालती झाली.

आणीबाणीतले थांबणे कसे असावे याचेही आता आंतरराष्ट्रीय दंडक आहेत: एक प्रकार तत्क्षणी शक्ती तोडण्याचा, दुसरा आधी ताब्यात ठेवून उभे करण्याचा व मग शक्ती तोडण्याचा. बटण तांबडे, त्याची पार्श्वभूमी पिवळी. आणि त्याच दंडकांत आणखी एक कलम आहे, ज्याकडे घाईत असलेल्या व्यवस्थापकांचे दुर्लक्ष होते: दाबलेले बटण पुन्हा वर ओढल्याने यंत्र चालू होता कामा नये, त्यासाठी निराळा हुकूम, निराळ्या कृतीने, जाणूनबुजूनच द्यावा लागतो.