स्क्रीनशॉट (लॅपटॉप)

स्क्रीनशॉट म्हणजे लॅपटॉपच्या पडद्यावर एखाद्या क्षणी दिसणाऱ्या मजकुराचे वा दृश्याचे संगणकाने स्वतःच टिपलेले चित्र होय. यासाठी कॅमेरा लागत नाही. पडद्यावर दाखवण्यासाठी संगणकाने सिद्ध केलेली चित्रबिंदूंची माहितीच फाइलच्या रूपात जतन केली जाते. मराठीत ‘स्क्रीनशॉट काढणे’ व ‘स्क्रीनशॉट घेणे’ हे दोन्ही प्रयोग रूढ आहेत.

इतिहास

१९८१ साली आलेल्या आयबीएम पीसी या संगणकावर शिफ्टसह ‘प्रिंट स्क्रीन’ कळ दाबली असता पडद्यावरील मजकूर थेट छपाईयंत्राकडे जात असे. कळीचे नाव त्यावरूनच पडले. पुढे विंडोज प्रणालीत छपाईऐवजी चित्राची नक्कल क्लिपबोर्ड या तात्पुरत्या स्मृतीत ठेवली जाऊ लागली. कळीचे जुने नाव मात्र टिकून राहिले.

पद्धती

विंडोज : ‘प्रिंट स्क्रीन’ दाबल्यास संपूर्ण पडद्याची, तर ऑल्टसह दाबल्यास केवळ चालू खिडकीची नक्कल क्लिपबोर्डवर येते. ती पेंट किंवा वर्डमध्ये कंट्रोल + व्ही दाबून चिकटवावी लागते. तत्पूर्वी दुसरे काही कॉपी केल्यास आधीचे चित्र सहसा हरवते. विंडोज + प्रिंट स्क्रीन या जोडीने चित्र ‘पिक्चर्स’ फोल्डरमधील ‘स्क्रीनशॉट्स’ या उपफोल्डरात आपोआप जतन होते. विंडोज + शिफ्ट + एस दाबल्यास हवा तेवढाच भाग निवडता येतो. विंडोज ११च्या अलीकडील आवृत्त्यांत केवळ ‘प्रिंट स्क्रीन’ दाबल्यावरही हीच निवडीची सोय उघडते. अनेक लॅपटॉपवर ही कळ दुसऱ्या कळीवरच छापलेली असते. तेथे एफएन कळही सोबत दाबावी लागते.

मॅकओएस : कमांड + शिफ्ट + ३ ने संपूर्ण पडदा व ४ ने निवडलेला भाग टिपला जातो. २०१८ च्या मोजावे आवृत्तीपासून ५ या अंकाने सर्व पर्याय दाखवणारी पट्टी उघडते. चित्र सामान्यतः डेस्कटॉपवर जतन होते.

लिनक्स : नोम या डेस्कटॉपच्या ४२व्या आवृत्तीपासून (२०२२) ‘प्रिंट स्क्रीन’ दाबल्यावर निवडीची पट्टी उघडते.

गोपनीयता

स्क्रीनशॉटमध्ये बँक खाते क्रमांक, ईमेल पत्ता, अन्य उघड्या खिडक्या इत्यादी अनावश्यक तपशीलही नकळत येतात. २०२३ साली विंडोज ११ मधील स्निपिंग टूलमध्ये एक दोष आढळला. चित्र कातरून मूळ फाइलवरच जतन केले असता कातरलेला भाग फाइलमध्ये शिल्लक राहत असे व अंशतः परत मिळवता येत असे. मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी हा दोष दूर केला.

पुरावा म्हणून मूल्य

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण व तळेगाव या औद्योगिक पट्ट्यात, तसेच हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रात लॅपटॉप हे नित्याचे साधन आहे. नोकरीच्या बनावट प्रस्तावातून किंवा ऑनलाइन व्यवहारातून फसवणूक झाल्यास संदेशाचा व व्यवहाराचा स्क्रीनशॉट तक्रारीसोबत जोडता येतो. आर्थिक फसवणुकीची तक्रार १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर करता येते. या परिसरासाठी १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय कार्यरत असून चाकणही त्याच्या हद्दीत येते.

तथापि स्क्रीनशॉट केवळ पडद्यावर काय दिसले ते सांगतो. दिसलेला मजकूर खरा होता की नाही, हे सांगत नाही. चित्रात नंतर फेरफार करता येतो, तसेच ब्राउझरमधील मजकूर आधी बदलून मग त्याचे चित्र टिपणेही शक्य असते. म्हणून मूळ ईमेल, संदेश वा फाइल न पुसता जपणे महत्त्वाचे ठरते.

या संदर्भात महाराष्ट्रातील ‘अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल’ हा खटला मार्गदर्शक मानला जातो. त्यातील वाद स्क्रीनशॉटचा नव्हता. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात उमेदवारी अर्ज मुदतीत दाखल झाला होता का, हा प्रश्न होता व निवडणूक कार्यालयातील चित्रफितींच्या प्रती पुरावा म्हणून पुढे आल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निर्णय दिला. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत सादर करताना भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम ६५-ब खालील प्रमाणपत्र आवश्यक आहे, असे न्यायालयाने म्हटले. मात्र ज्या लॅपटॉपवर माहिती प्रथम साठवली गेली, तो आपला असल्याचे किंवा आपण वापरत असल्याचे मालकाने साक्षीदार म्हणून सिद्ध केले व मूळ नोंदच सादर केली, तर प्रमाणपत्राची गरज नाही, असेही स्पष्ट केले.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला असून ही तरतूद आता कलम ६३ मध्ये आहे. प्रमाणपत्राचा पहिला भाग नोंद सादर करणाऱ्याने व दुसरा तज्ज्ञाने भरावयाचा असतो. त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे गणिती प्रक्रियेने मिळणारी व बोटाच्या ठशाप्रमाणे फाइलची ओळख पटवणारी अक्षरमालिका, नोंदवावी लागते. फाइलमध्ये किंचितही बदल झाल्यास हे मूल्य बदलते.