सोइदेवाची तलवार आणि तेल्याची पळी

खानदेशातील जुन्या वीराचे स्मारक करावयाचे म्हटले, की मला चाळीसगावाजवळच्या पाटण्याचा निकुंभ सरदार सोइदेव आठवतो. हा देवगिरीच्या यादवांचा मांडलिक, सोळाशे गावांचा धनी. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला. त्यास सोइदेवाने शके ११२८ मध्ये दान दिले. त्या दानाचा शिलालेख डॉ. भाऊ दाजींनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला.

लेखाचा वरचा भाग संस्कृत. त्यात राजकुळांची व पंडितांची स्तुती आहे. शेवटचा भाग मात्र मराठी, कारण तेथे देण्याघेण्याचा हिशेब आहे. ज्यांनी द्यावयाचे त्यांना तो कळावा, हाच हेतू असावा. जितके घाणे चालतील तितक्यांमागे मठास पळी पळी तेल! म्हणजे दान सरदाराचे, पण तेल तेल्याचे.

उद्या पाटण्यास सोइदेवाचे दालन मांडलेत, तर तलवार अवश्य ठेवा. पण शेजारी ती पळीही ठेवा. मठातील गणितविद्येच्या पोषणात घाणा चालविणाऱ्याचा वाटा होता. दगडाने तो आठशे वर्षे जपला आहे. आपण तो पुसू नये.